गोदाराणीचा फोटो

धर्मेंद्रने माउस फिरवला आणि राणीसाहेबांच्या हातावरचा चौथा ठिपका पुसून टाकला. पाचवा तेवढा राहिला होता. दीडशे वर्षांचा जुना फोटो, ओल खाल्लेला, बुरशीच्या डागांनी भरलेला. सकाळपासून त्याने भिंतीवरचे, शालूवरचे, गालावरचे असे कितीतरी डाग घालवले होते. डाग घालवायचा म्हणजे शेजारची स्वच्छ जागा उचलायची आणि त्यावर बसवायची. या कामात आपला हात धरणारं अख्ख्या इतवारी बाजारात कोणी नाही, असं तो स्वतःच सांगत असे.

“पाहा मॅडम, हात कसा लोण्यासारखा झाला.”

सुभद्राताईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि स्क्रीनजवळ तोंड नेलं. हात झाला होता खरा लोण्यासारखा. राणीला शोभेल असा. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि मांडीवरच्या कच्च्या छपाईचं पान उलटलं. खाली भांडेबाजारात कुठल्याशा टेम्पोने हातगाडीवाल्याची वाट अडवली होती आणि दोघेही एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते.

पिढ्या काढणं हे सुभद्राताईंचंही काम होतं, फक्त सरकारी. भूमी अभिलेख कार्यालयात तीस वर्षं त्यांनी लोकांच्या वारसनोंदी तपासल्या. कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची विधवा, कोणी कोणाचं नाव मध्येच घुसवलं, हे त्यांना कागद हातात घेताच कळे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्याच घराण्याचे कागद हाती घेतले. निंबर्डी ही उमरेडच्या पुढची लहानशी जहागीर. तिथल्या राजांची तिसरी राणी गोदावरीबाई ही सुभद्राताईंची खापरपणजी. तिच्या चरित्रावर त्यांनी नऊ वर्षं घालवली होती. गावच्या सरपंचाने आपल्या गावचा पोरगा म्हणून धर्मेंद्रचं नाव सुचवलं आणि पुस्तक त्याच्या दुकानात आलं. आज संध्याकाळी ते छापखान्यात जायचं होतं, रविवारी प्रकाशन. हॉल चुलतभाऊ श्रीधररावांनी ठरवला होता. निमंत्रणपत्रिकेवर ‘राणीसाहेबांचे वंशज’ हे शब्द त्यांनी पाहुण्यांच्या नावापेक्षा मोठे छापून घेतले होते. घराण्याचा विषय निघाला की श्रीधररावांचे पाय जमिनीला लागत नसत.

राणीचं आयुष्य तसं म्हटलं तर चार भिंतींत मावणारं. नवव्या वर्षी बंद पालखीतून ती निंबर्डीत आली, मागच्या दाराने आत गेली आणि पुढच्या दाराने कधी बाहेर पडली नाही. दसऱ्याची स्वारी जाळीतून पाहायची, राजे जेवून उठले की जेवायचं. आधीच्या दोघी सवतींना मूल नव्हतं, म्हणून सगळ्यांचे डोळे हिच्या ओटीकडे. चौदा वर्षं तिचीही कूस रिकामी राहिली. मग तिने एक कडक व्रत केलं आणि मुलगा झाला. तो पाच वर्षांचा असताना राजे गेले. पुढची सव्वीस वर्षं जहागीर राणीने चिकाच्या पडद्याआडून सांभाळली. कारभारी अलीकडे बसून कागद वाचून दाखवी, मंजूर असेल तर पलीकडून शिक्का सरकत येई. बाकी चिकाबाहेर तिचं नखही कोणी पाहिलं नाही.

अशा बाईने राजे हयात असताना कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या फोटोवाल्यापुढे उघड्या तोंडाने बसावं, याचं सुभद्राताईंना अपार कौतुक वाटे. ‘पडद्याबाहेर’ हे प्रकरण त्यांनी एका बैठकीत लिहिलं होतं आणि लिहिताना डोळे पुसले होते. पुस्तकाचा सगळा डोलारा त्या चार पानांवर उभा होता.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर धर्मेंद्रची आई प्रयागबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. गुडघा दाखवायला ती गावाहून आली होती आणि चारच्या उमरेड गाडीची वाट पाहत होती. बसून बसून कंटाळली तशी उठली आणि मुलाच्या मागे येऊन उभी राहिली.

“बाई, हा तुमचा लग्नातला फोटो होय काय?”

धर्मेंद्र हसला. सुभद्राताईंना मात्र गुदगुल्या झाल्या. तेच बसकं नाक, तीच रुंद हनुवटी, एक भुवई जराशी वर. घरच्या लग्नाकार्यात कोणी ना कोणी हे म्हणायचंच, पण परक्या बाईच्या तोंडून ऐकण्याची चव वेगळी होती.

“राणी आहेत त्या, माय,” धर्मेंद्र म्हणाला. “आपल्या निंबर्डीच्या. मॅडमच्या खापरपणजी.”

प्रयागबाईने टेबलावरचा मूळ फोटो प्लास्टिकच्या पिशवीसकट उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

“राणी हाय म्हणता, मंग हिच्या हातावर पाण्याचं गोंदण काहून हाय?”

“डाग आहेत ते. बुरशी लागली.”

“बुरशी अशी मापून बसते काय गा? चार कोपऱ्याले चार, मधात एक.”

मग तिने खुर्ची ओढली आणि गुडघा चोळत सांगितलं ते असं. निंबर्डीच्या वाड्यात पाणी भरायला दिलेल्या पोरींच्या उजव्या हातावर पाच ठिपके गोंदत. आतल्या पाण्याला त्याच हाताने शिवायचं, दुसऱ्या कोणी नाही. विहिरीवरचा माणूस आधी हात पाहायचा, मग घागर द्यायचा. प्रयागबाईची आजी त्यातली शेवटची. तिच्या सुरकुतलेल्या हातावरचे ठिपके मोजत मोजत प्रयागबाई पाचपर्यंत मोजायला शिकली होती.

राणीनेही हौसेने गोंदवून घेतलं असेल, असं सुभद्राताईंनी म्हणून पाहिलं. कार्यालयात एखाद्याचा दावा लंगडा असला की तो ज्या आवाजात बोले, तोच आवाज आपल्याला लागल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

“पाणी भऱ्याची हौस राणीले कशाची, बाई?” प्रयागबाई शांतपणे म्हणाली. “अन् राणी गोऱ्याच्या म्होरं उघड्या तोंडानं बसन तरी कशी? आजी सांगे, वाड्यात वैद आला तरी राणीचा हात बाहेर निघत नव्हता. तिच्या जागी पोरीचा हात चिकाबाहेर काढत. नाडी पोरीची पाहायची, दवा राणीले द्यायची.”

धर्मेंद्रला हे ऐकून हसू आलं. सुभद्राताईंना आलं नाही. त्या पानं उलटू लागल्या. एकसष्टावं पान त्यांना तोंडपाठ होतं, तरी त्यांनी ते बोट ठेवून वाचलं. ‘पुत्रप्राप्तीपूर्वी पाच महिने राणीसाहेब कडक व्रतात होत्या. या काळात त्यांनी कोणालाही दर्शन दिले नाही. पाणी भरणारी एक दासी तेवढी आत जात-येत असे; पुढे तीही आतच राहू लागली.’ कारभाऱ्याच्या पत्रातून त्यांनी हे जसंच्या तसं उतरवलं होतं आणि राणीच्या निष्ठेचा पुरावा म्हणून खाली रेघ मारली होती. दुसऱ्या कोणाच्या फायलीत असा मजकूर आला असता तर त्यांनी लाल पेन्सिलने आईच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढून फाइल परत पाठवली असती.

त्यांनी मान वर केली. प्रयागबाई फोटोकडे पाहत होती, मग तिने सुभद्राताईंच्या तोंडाकडे पाहिलं, नाकाकडे, हनुवटीकडे. मग तिने फोटो जागेवर ठेवला आणि पिशवीच्या बंदाची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली.

सुभद्राताईंना आधी लाज वाटली. लाज कशाची, ते नीट सांगता येईना, म्हणून मग स्वतःचाच राग आला. आणि राग ओसरल्यावर जे उरलं ते निव्वळ दुःख होतं. नऊ वर्षं त्या जिच्याशी मनातल्या मनात बोलत होत्या, तिचा चेहरा त्यांनी पाहिलेलाच नव्हता. तो आता कुठेच नव्हता. ती बाई चिकाआड जन्मभर राहिली आणि मेल्यावरही तिथून बाहेर आली नाही. बाहेर आली ती दुसरीच, दुसऱ्याचे दागिने अंगावर घालून, सांगितलं तिथे बसलेली.

“हिचं नाव काय असेल?” त्यांनी विचारलं.

“पाणी भरणारीले नावानं कोण हाका मारते, बाई? ‘पाणी’ म्हटलं का ते येत होती.”

धर्मेंद्रला एव्हाना निम्मंअर्धं कळलं होतं आणि गिऱ्हाइकाचं मन राखणं त्याला चांगलं जमत होतं. तो खुर्ची वळवून हळू आवाजात म्हणाला,

“चार ठिपके तर गेलेच, मॅडम. पाचवाही घालवतो. कोणाले दिसून राहिलं?”

कोणालाच दिसलं नसतं, हे खरं होतं. माय चारच्या गाडीने जाणार होती. तेवढ्यात श्रीधररावांचा फोन आला. राणीसाहेब तयार झाल्या का, दाराशी लावायला सहा फुटी करायला सांगा, हार मी आणतो, असं सगळं ते एका दमात बोलले. सुभद्राताईंनी कळवते म्हणून फोन ठेवला आणि त्या स्क्रीनकडे वळल्या.

“पुसलेले ठिपके परत आणता येतात?”

“येतात ना. एका बटनावर.”

“मग आणा.”

त्यांनी पेन काढलं. ‘पडद्याबाहेर’ प्रकरणाच्या चारही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. पेन कागदाला अडखळत होतं, पण त्या थांबल्या नाहीत. एकसष्टाव्या पानाला त्यांनी हात लावला नाही. ते पान जसं होतं तसं खरं होतं. मुखपृष्ठावर फोटो नको, म्हणाल्या. मग काय टाकायचं, असं धर्मेंद्रने विचारलं, तेव्हा राणीचं नुसतं नाव टाका, बाकी पान कोरं राहू द्या, असं त्यांनी सांगितलं. फोटो आत, पहिल्याच पानावर घ्यायचा.

प्रयागबाई जायला उठली. सुभद्राताई तिच्याबरोबर जिन्यापर्यंत गेल्या, तिचा हात धरून पहिल्या दोन पायऱ्या उतरवून दिल्या आणि परत येऊन बसल्या. स्क्रीनवर पाचही ठिपके आपापल्या जागी आले होते. ते आता इतके स्पष्ट दिसत होते की आधी बुरशी कशी वाटली याचं नवल वाटावं.

“फोटोखाली काय लिहू, मॅडम?”

“‘लेखिकेची खापरपणजी.’”

धर्मेंद्रने दोन्ही शब्द टाइप केले, राणीच्या नावासाठी धरले होते तेवढेच मोठे ठेवले आणि की-बोर्डवरून हात काढून घेतले.

“श्रीधरराव साहेब विचारतील.”

“विचारू द्या,” सुभद्राताई म्हणाल्या. “त्यांचीही तीच आहे.”