कोरडं वंगण

हात बरा झाला असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मोजपट्टीने नुसती मान डोलावली. बोटं वळत होती, मूठ मिटत होती, टाक्यांचे व्रण सुकले होते. फक्त उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या पुढची दोन बोटं यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. गरम नाही, गार नाही, टोचलेलंही नाही. "नस आहे. येईल सावकाश," डॉक्टर म्हणाले, आणि जरा थांबून, "कधीकधी नाहीही येत." बायकोचे डोळे तिथेच भरून आले. खिडकीबाहेर कुणीतरी अडचणीतून गाडी मागे घेत होतं, मोजपट्टी ते बघत बसला.

मोजपट्टी हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. बस दुरुस्तीच्या कारखान्यात तो फिटर होता. गाडीखाली आडवा पडून, न बघता, नुसतं बोट फिरवून नटाचं माप सांगायचा. म्हणून ते नाव पडलं. आता त्या नावाने हाक मारताना लोकांची जीभ अडखळायची, आणि दुसरं नाव तर कुणाला आठवतच नव्हतं.

झालं होतं ते असं. गिअरबॉक्स उतरवताना साखळी निसटली, त्याचा उजवा हात खाली चेंगरला, आणि साखळी धरून होता बारक्या. बारक्या म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, दारातून वाकून येणारा, पण घरातलं नाव कारखान्यातही चिकटलं ते चिकटलंच. त्याला कामाला लावून दिलं होतं मोजपट्टीनेच. अपघाताच्या दिवशी तो दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिला, आत काही आला नाही. त्यानंतर बहिणीच्या घराकडे फिरकलासुद्धा नाही.

"माझ्या भावाला मी काय बोलू, आणि तुम्हाला तरी काय बोलू?" बायको म्हणायची.

"नको बोलूस," तो म्हणायचा.

आपल्याला राग यायला हवा, हे त्याला समजत होतं. सकाळी उठला की तो स्वतःला चाचपून बघायचा, आला का म्हणून. काही नसायचं.

कामावर रुजू झाला त्या दिवशी फोरमनने खांद्यावर हात ठेवला. "सध्या जरा हलकं काम कर. ते हत्यारांचं कपाट आहे ना, त्याच्या खणांनी सगळ्यांचा जीव खाल्लाय. पाना काढायचा तर आधी कपाटाशी कुस्ती. एकदाच असं काहीतरी लाव, की पुन्हा वर्षभर बघायला नको."

गाडीखालचा माणूस कपाटापाशी येऊन बसला. त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

त्याने एकेक खण उपसून जमिनीवर मांडला. वरचे खण हलके, साध्या पत्र्याच्या पट्टीवर सरकणारे. खालचे जड, छर्‍यांच्या चॅनेलवाले, म्हणजे बारीक लोखंडी गोळ्यांवर सरकणारे. सगळ्यांची एकच तऱ्हा होती. ज्याला खण अडला त्याने हाताशी असेल ते तेल ओतलं होतं. त्या तेलावर ब्रेकची धूळ बसून काळा राबडा झाला होता, आणि राबडा अडतो म्हणून वर आणखी तेल. मोजपट्टीने रॉकेलचं डबडं घेतलं आणि तारेच्या ब्रशने पट्ट्या खरवडायला लागला.

स्टोअरवाल्या काकांनी चार वस्तू आणून दिल्या. "इंजिन ऑइल घे, फुकट आहे. नाहीतर ही गंज सोडवायची फवारणी."

"ती दोन आठवड्यांत उडून जाते, काका. आणि तेल म्हणजे धुळीला आवतण."

"मग ग्रीस? हे पांढरं. नाहीतर ही मेणाची फवारणी आहे. मारली की सुकते, हाताला लागतसुद्धा नाही. आपल्याकडे कुणी वापरली नाही अजून."

"लावून बघू," मोजपट्टी म्हणाला. एका हलक्या खणाला ग्रीस, एका हलक्याला मेण, तसंच खाली जड खणांना, आणि एकाला मुद्दाम तेल. मग आठवडाभर लोकांनी वापरायचं आणि काय होतं ते बघायचं.

तो शेवटचा खण पुसत होता, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊजी, हात!"

बारक्या होता. मोजपट्टीने खाली बघितलं. फडकं लाल झालं होतं. खणावर लाल, पट्टीवर लाल. पत्र्याच्या धारेने अंगठा चांगलाच चिरला होता, कधी ते त्यालाही माहीत नव्हतं.

बारक्याने पाना फेकला, धावत येऊन त्याचं मनगट धरलं आणि ओढतच नळाखाली नेलं. पाणी गुलाबी होऊन वाहत होतं. बारक्याने चिरलेला अंगठा घट्ट दाबून धरला.

"दुखत नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"तू धरलायस तेही डोळ्यांनी दिसतंय म्हणून कळतंय."

बारक्या तिथेच, नळापाशी, हमसून हमसून रडायला लागला. एवढा ताडमाड माणूस. दोघेतिघे वळून बघायला लागले. मोजपट्टीने डाव्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटलं. म्हणाला, "आधी पट्टी बांध. मग जरा खण ओढून दे. कुठला किती अडतो ते या हाताला समजत नाही."

हे त्याने आजवर कुणालाच असं तोंडाने सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात रोज जेवणाच्या सुट्टीत बारक्या येऊन खण ओढायचा. साखळीचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. "हा करकरतोय." "हा सुरुवातीला जड, मग सैल." तेलाचा खण दोन दिवसांतच काळा पडला. वरच्या पट्टीवरच्या ग्रीसवर धुळीची साय धरली. मेणाची पट्टी मात्र कोरडीच राहिली, फडकं फिरवलं तरी स्वच्छ.

"वरच्यांना मेण," बारक्या म्हणाला. "पण खाली नाही चालणार. वजनाने घासून जातंय."

"मग खाली छर्‍यांना ग्रीस. बोटभर नको, नुसता हात फिरवल्यासारखं."

फोरमनने येऊन वरचा खण सवयीने जोरात ओढला, तो धाडकन पोटावर आला. सगळे खो खो हसले. मोजपट्टीही हसला, म्हणजे तोंड तसं झालं.

घरी गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं, "बारक्या रविवारी येतोय. मी बोलावलंय."

तिच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "राग गेला तुमचा?"

"आलाच नव्हता."

"मग इतके दिवस सांगायचं तरी! मी इकडे मनात कुढतेय."

"मी वाट बघत होतो, येतो का."

ती भांडं घासायला लागली.

रविवारी बारक्या आला, दारातून वाकून, आणि खुर्चीच्या कडेला अवघडून टेकला. बहिणीने आधी त्याला पोटभर झापलं, मग पोटभर वाढलं. पुढे लहानपणी कुणी कुणाची सायकल मोडली यावरून दोघांची जुंपली, आणि आवाज पार शेजाऱ्यांपर्यंत गेले. एवढे दिवस घरात कुणी आलं, की मोजपट्टी थोड्या वेळाने उठून आतल्या खोलीत जाऊन पडायचा. त्या दिवशी तो उठला नाही. बरं वाटत होतं का, ते त्याला सांगता आलं नसतं. सायकल बहिणीनेच मोडली असणार, एवढं मात्र त्याने एकदा मध्ये बोलून टाकलं.