मावशींचं झाकण

शहरात असताना तो मनगटी घड्याळांचे फोटो काढायचा. जाहिरातीतली ती लखलखीत घड्याळं, काचेवर ना बोटाचा ठसा ना धुळीचा कण. मित्र त्याला घड्याळ्याच म्हणत. मग बायकोची बदली समुद्रकाठच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात झाली आणि घड्याळ्या कॅमेरे, दिवे, स्टँड असं सगळं चंबूगबाळं आवरून तिच्यामागे आला. "आता तुझी चैन आहे," जो तो म्हणाला. "समोर समुद्र, वर आभाळ. काढ किती फोटो काढायचे ते."

त्याने काढलेही. पण घरी येऊन पाहावं तर एकूणएक फोटो कॅलेंडरवरचे. उजेड डावीकडून हवा तर तो उजवीकडून यायचा, आणि लाट काही कुणासाठी थांबत नाही. शहरातल्या खोलीत सगळे दिवे त्याच्या हुकमात असत. इथे त्याला कुत्रं विचारत नव्हतं.

शेवटी त्याने मागच्या खोलीच्या खिडक्या पुठ्ठे लावून बंद केल्या, टेबलावर काळं कापड अंथरलं आणि किनाऱ्यावर वाहून आलेली एक चप्पल त्यावर ठेवली. पट्टा तुटलेला, टाचेला चिकटलेले शिंपले. घड्याळाला लावायचा तसेच दिवे लावले. फोटो असा आला की त्याचा तोच बघत राहिला. मग केस झडलेला ब्रश, मग प्लास्टिकचा एक तीन पायांचा घोडा. शहरातल्या जाहिरात कंपनीच्या जुन्या साहेबांना त्याने ते पाठवले. त्यांचा लगेच फोन आला.

"झकास आहे हे. अजून कर. प्रदर्शन लावू आपण."

घड्याळ्याचे पाय दोन दिवस जमिनीला लागले नाहीत.

पण खेड्यात बातमीला पाय असतात. नर्सबाईंचा नवरा मोडकंतोडकं गोळा करतो, हे गावभर झालं आणि लोक दारात येऊ लागले. एका आजोबांनी वल्ह्याचा तुकडा आणला, कोणी गंजलेली इस्त्री. "तुम्हाला लागतं ना, म्हणून आणलं." नको म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं. पडवी भरली. तो एकेक वस्तू काळ्या कापडावर ठेवायचा, फोटो काढायचा आणि फोटोगणिक जास्तच गोंधळायचा.

"मला काही कळेनासं झालंय," जेवताना तो बायकोला म्हणाला. "चप्पल मी उचलली होती. आता लोक आणून देतात आणि मी काढतो. मग हे काम माझं कसं?"

"शहरात तरी घड्याळं तू उचलायचास का? कंपनी द्यायची, तू काढायचास."

त्याचा घास हातातच राहिला. इतकी सरळ गोष्ट, आणि इतक्या वर्षांत डोक्यात आली नव्हती.

"म्हणजे मी कधीच काही..."

"असं मी म्हटलं नाही. जेव आधी."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशी कुकरचं झाकण घेऊन आल्या.

"याचा एक फोटो काढ बाबा. कुकर कधीच गेला, पण झाकण टाकवत नाही. फोटो असला की टाकेन म्हणते."

तो सवयीने झाकण घेऊन मागच्या खोलीकडे वळला.

"कुठे नेतोस? त्या अंधारात काय दिसणार?"

"तिथे दिवे आहेत, मावशी."

"मग इथे काय उजेडाचा दुष्काळ पडलाय?"

मावशींनी झाकण पायरीवर ठेवलं. ते त्यांना पटलं नाही. मग भिंतीला टेकवून उभं केलं, तर ते घसरायला लागलं. मावशींनी ते बोटांनी धरून ठेवलं.

"बोटं काढा, मावशी. फोटोत येतील."

"सोडलं तर पडेल की."

काय करावं हे न सुचून त्याने बटण दाबलं. फोटो त्यांना छोट्या पडद्यावर दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, "बरं आलंय" म्हणाल्या, आणि झाकण काखेत मारून घरी घेऊन गेल्या. टाकणार होत्या ना, असं त्याच्या ओठांवर येईतो त्या दारापलीकडे गेल्याही.

दुपारभर तो संगणकासमोर बसला. झाकणाच्या कडेला दोन बोटं, नखांत पीठ. ती पुसायला एक मिनिटही लागलं नसतं. घड्याळांवरून त्याने असे हजार ठसे पुसले होते. त्याने पुसली. परत आणली. परत पुसली. शेवटी बोटांसकट फोटो साहेबांना पाठवून मोकळा झाला.

"बोटं राहिलीयत कुणाची तरी," साहेब फोनवर म्हणाले. "विसरलास?"

"नाही, ठेवलीयत."

"का?"

"ते मलाच अजून कळलं नाहीये, साहेब."

"चपलेचे वगैरे फोटो प्रदर्शनाला घेतो," साहेब म्हणाले. "याचं बघू पुढे."

पुढे काय बघणार, हे त्यांनाही ठाऊक नसावं. घड्याळ्याने त्या संध्याकाळी मागच्या खोलीच्या एका खिडकीचा पुठ्ठा काढला. दुसऱ्या खिडकीचाही काढावा का, याचा विचार करत तो तिथेच उभा राहिला, तोवर पडवीतून कोणीतरी हाक मारली. वल्हेवाले आजोबा आले होते, आणि या वेळी फोटोसाठी आपलं वल्हं कुठे ठेवायचं ते तेच ठरवणार होते.