खंडेनवमीचे कुंकू आणि आम्ही दोघी

मित्रांनो, मी एक जुनी देशी एअर रायफल आहे. छर्‍याची बंदूक म्हणालात तरी चालेल, पण खेळणे म्हणू नका. मला लगेच राग येतो! सुरतेच्या पांडेसऱ्यात एका डाइंग मिलच्या रिकाम्या गोदामात कामगारांचे नेमबाजी मंडळ आहे. तिथल्या भिंतीवर दोन खुंट्यांवर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म एका लहानशा देशी कारखान्यात झाला. दस्ता सागवानी, नळी जाड आणि पोटात दणकट स्प्रिंग. खोटे कशाला बोलू? माझा नेम जरासा डावीकडे ओढतो. जित्याची खोड, दुसरे काय! पण मी तीनदा फरशीवर आपटले, एकदा मिलच्या वाफेत भिजले, तरी एक दिवस रजा घेतली नाही. माझा वॉशर फाटला तेव्हा सखारामदादांनी लूमच्या जुन्या पट्ट्याचे चामडे कापून नवा बसवला. सखारामदादा म्हणजे आमचे गुरुजी. लष्करातून निवृत्त होऊन आता ते मिलच्या गेटवर पहारा करतात.

त्यांची सर्वांत हुशार शिष्या गायत्री. तिचे वडील भटू याच मिलमध्ये कापड रंगवतात, म्हणून त्यांची बोटे कायम निळी. तीन वर्षे गायत्री माझ्यावरच शिकली. माझी खोड तिला पाठ होती.

आणि १९९७ साली मिलच्या शेठनी मंडळाला जर्मन रायफल भेट दिली! काय तिचा थाट! निळ्या मखमलीची पेटी, केसाएवढे बारीक स्क्रू, नळी अशी गुळगुळीत की माशी घसरावी. गायत्रीने तिच्यावर पहिले दहा छर्रे मारले आणि नऊ थेट मधल्या ठिपक्यात गेले. मी जळून खाक झाले.

मग रोज चहाच्या वेळी वाद पेटू लागला.

"भटू, तिची नळी माझ्या नातवंडांच्या हातातही सरळच राहील," सखारामदादा म्हणत. "आपली तर आत्ताच डावीकडे बघते."

"दादा, तुमनी जर्मन आजारी पडनी तं डॉक्टर कोठून लयशात?" भटू हात नाचवीत. "आपलीनं औषध पांडेसरामाच भेटस!"

मी मनात टाळ्या वाजवी. जर्मनबाई मात्र पेटीत गप्प. मला वाटे, गर्वाने फुगली आहे.

दसऱ्याला जिल्ह्याच्या ज्युनिअर संघाची निवड होती. मुलींमध्ये एकच जागा उरली होती. पुढच्या वर्षी गायत्रीचे वय गटात बसणार नव्हते, म्हणजे ही तिची शेवटची संधी. ती जर्मन रायफल घेऊनच उतरणार, असे ठरले.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमची खानदेशी माणसे सुरतेला आली तरी त्या दिवशी हत्याराला हळदकुंकू वाहिल्याशिवाय राहत नाहीत. भटूंनी सकाळी मिलमधले आपले यंत्र पुजले आणि ताट घेऊन ते थेट गोदामात आले.

"पाहुणी शे ना, तिना मान पहिला!" ते म्हणाले.

मला कपाळापुरते एक बोट कुंकू मिळाले. जर्मनबाईला मात्र झेंडूचा हार, पाच बोटे कुंकू, आणि लेकीला यश यावे म्हणून छर्रा भरायच्या जागेत तिळाच्या तेलाची चांगली धार! मी इतकी रुसले की त्या तेलाने काय होईल, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

दुसऱ्या दिवशी सखारामदादांनी अडीअडचणीला म्हणून मलाही मैदानावर नेले. गायत्रीने सरावाचा पहिला छर्रा सोडला. फाट्! आत शिरलेले तेल पेटले, नळीतून धूर निघाला आणि छर्रा निशाणाच्या कागदाबाहेर गेला. तिने पुन्हा लिव्हर ओढली, तर ती अर्ध्यावर अडकली. तेलात कुंकू मिसळून आत चिकट लगदा झाला होता.

"बेन, टाइम जाय छे," पंच म्हणाले. "बीजी रायफल छे? दुसरी?"

भटूंचा चेहरा पांढराफटक पडला. "मनी चूक शे, पोरी. तेल मीच टाकं."

गायत्रीने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "दादा, माझी जुनी द्या!"

माझी! मित्रांनो, काय सांगू, माझी स्प्रिंग आनंदाने थरारली. तिने मला खांद्याला लावले आणि नेम ज्वारीच्या दाण्याएवढा उजवीकडे धरला. आठ. नऊ. दहा! चुकून एक सात. पुन्हा दहा! बघता बघता एकच छर्रा उरला. जागा मिळायला नऊ गुण हवे होते. तिने श्वास रोखला, मी अंग आवरून धरले, आणि सुटला! पंचांनी भिंग लावून कागद न्याहाळला. छर्रा नऊच्या रेषेला जेमतेम चिकटला होता. नऊ!

"देशी जिंकनी!" भटू ओरडले आणि मग लेकीला जवळ घेऊन रडू लागले.

मी गर्वाने फुगले. पण संध्याकाळी सखारामदादांनी जर्मनबाईला खोलले, रॉकेलने धुतले, कोरडे केले आणि छर्रा मारला. सरळ मधल्या ठिपक्यात! ती बिचारी गर्वाने नव्हे, परक्या घरात संकोचाने गप्प असायची, हे मला तेव्हा कळले.

अहमदाबादला राज्याच्या स्पर्धेसाठी गायत्री तिलाच घेऊन गेली. निघताना मला आधी पुसून म्हणाली, "तिथे एका गुणानेही फरक पडतो गं. रुसू नकोस." मी रुसले, पण अर्धा दिवसच.

पुढच्या खंडेनवमीला भटू पुन्हा ताट घेऊन आले. त्यांनी कुंकू माझ्या खुंटीला लावले, हार मखमली पेटीला घातला आणि खिशातून मऊ धुवट फडके काढून गायत्रीला विचारले, "आते पुसू का?" मग त्या निळ्या बोटांनी त्यांनी आम्हा दोघींना नळीपासून दस्त्यापर्यंत हळुवार पुसले. आधी कोणाला पुसले, ते मी पाहिलेच नाही.

म्हणून मित्रांनो, आम्ही देशी असू की परदेशी, आमची पूजा जरूर करा. फक्त कुंकू खुंटीला लावा, आणि आम्हाला एक कोरडे फडके द्या.