सातवी खिडकी

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत. तिचा धाकटा भाऊ तिथंच कामाला होता, तो ताई म्हणायचा, आणि हा रोग मग मजलाभर पसरला. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा "ताई, तुम्ही बोला" म्हणत, आणि नंतर काहीही न ऐकता मान डोलवत.

ताईचं काम सांगायला सोपं होतं. चिपच्या पोटात एक कुलूपबंद खोली असते, तिला एन्क्लेव्ह म्हणतात. लोकांचे पासवर्ड, आजारपणाचे कागद, जे जे दुसऱ्याच्या नजरेला पडू नये ते तिच्यात ठेवायचं. बाहेर ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे अख्ख्या मशीनचा कारभारी. पण त्या कारभाऱ्यालासुद्धा आत डोकावायची सोय नाही. गंमत अशी, की खोलीला स्वतःचे हातपाय नसतात. फाइल हवी, निरोप धाडायचा, साधं किती वाजले विचारायचं, तरी त्याच कारभाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. ज्याच्यावर काडीचा विश्वास नाही त्याच्याकडूनच सगळी कामं करून घ्यायची. बरेच संसार असेच चालतात, फक्त त्यांचा आराखडा कुणी काढत नाही.

ताई काढत होती, चौदा महिने. खोलीला कारभाऱ्याशी बोलायच्या खिडक्या किती असाव्यात आणि कुठल्या खिडकीवर काय बोलावं, याचा आराखडा. सुरुवातीला एकशे साठ खिडक्या होत्या, तिनं बुजवत बुजवत अकरावर आणल्या. बाहेरून येणारं प्रत्येक उत्तर खोटंच असणार असं धरून चालायचं, हा तिचा नियम. आराखड्यात तिनं कारभाऱ्याला सरळ 'शत्रू' म्हटलं होतं, एकूण तीनशे बारा वेळा.

आता हा शत्रू, म्हणजे त्या कारभाऱ्याचा कोड, लिहिणारा माणूस म्हणजे तिचा भाऊ, छोट्या. वय चौतीस, दाढी वाढलेली, दोन पोरांचा बाप, तरी छोट्याच.

"बाबा काय काम करतो असं पोरं विचारतात," तो एकदा म्हणाला. "काय सांगू? आत्याचा शत्रू आहे म्हणून?"

ताईला हसू आलं नाही. शाळेत असताना एकदा यानं सकाळी सकाळी येऊन सांगितलं होतं, की आजचा गणिताचा पेपर पुढं ढकललाय. ती पांघरूण ओढून झोपली आणि वर्ष वाया जाता जाता वाचलं. तेव्हापासून छोट्या ऊन पडलंय म्हणाला तरी ती बाहेर जाऊन बघायची.

गुरुवारी चार वाजता सही होती. खिडक्यांवर पहारा देणारा कोड सही झाली की चिपमध्येच कोरला जाणार होता, आणि एकदा कोरला की त्यात कानामात्रेचाही बदल होणार नव्हता. सही झाली की ताई नव्या विभागाची प्रमुख. तसा शब्द साहेबांनी दिला होता. ताईला ती खुर्ची हवी होती. खोटं कशाला बोला, फार हवी होती.

दुपारी छोट्या डबा घेऊन समोर येऊन बसला.

"ताई, सातव्या खिडकीला भोक आहे."

"असं का?"

"तीन आठवडे झाले मेल करून."

मेल आला होता. ताईनं तो वाचलाच नव्हता. "मला वेड्यात काढायचं वय गेलं तुझं," ती म्हणाली.

छोट्यानं एक चिठ्ठी पुढं सरकवली. तिच्यावर एकच वाक्य होतं: 'साहेबांना यातलं ओ की ठो कळत नाही, पण मान फार छान डोलवतात.'

ताईचा घास तोंडातच राहिला. हे वाक्य तिनंच अकरा महिन्यांपूर्वी, डोकं फिरलेलं असताना, चाचणीच्या चिपमधल्या खोलीत ठेवलं होतं. चाचणीसाठी आत काहीतरी गुपित लागतंच, आणि ते कुणाला कधी दिसणार नाही यासाठीच तर सगळा खटाटोप होता. तिनं ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"कसं काढलंस?"

"तू दोनदा बघतेस," छोट्या म्हणाला.

सातवी खिडकी होती निरोप पुन्हा मागायला. कारभारी म्हणतो, मागचा निरोप अर्धवट पोचला, चाळीस अक्षरं परत दे. हा आकडा तो खिडकीबाहेरच्या फळीवर ठेवतो. ताईचा पहारेकरी फळीकडे बघतो: चाळीस, ठीक, तेवढं आपणच दिलं होतं. मग देताना किती द्यायचं म्हणून पुन्हा फळीकडे बघतो. तेवढ्यात छोट्यानं चाळीसचे चार हजार केलेले असतात. पहारेकरी इमानेइतबारे चार हजार अक्षरं मोजून बाहेर देतो, आतल्या गुपितांसकट. आकडा आधी आत घ्यायचा आणि मग तपासायचा, एवढंच करायला हवं होतं. जगातला प्रत्येक खोटेपणा धरून चालणाऱ्या बाईच्या डोक्यात, खोटं बोलणारा मधल्या क्षणात शब्द फिरवेल, हे आलं नव्हतं.

तिला लाज वाटली. त्याहून जास्त छोट्याचा राग आला, की हा बरोबर निघालाच कसा.

"अजून कुणाला बोललास?"

"नाही. सही तुझी आहे." त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि गेला.

चार वाजता साहेब, वकीलबाई आणि चिप बनवणाऱ्या कारखान्याची दोन माणसं टेबलाभोवती बसली होती. कागद मांडलेले, पेन उघडलेलं.

"मला सही करता येणार नाही," ताई म्हणाली. "सातव्या खिडकीला भोक आहे."

साहेबांची मान डोलू लागली होती ती मध्येच थांबली. "ताई, कारखान्याची तारीख परत सहा महिन्यांनी मिळणार. आतून वारासुद्धा बाहेर येणार नाही असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणाले होते. चुकले."

"भोक आहे असं कुणीही म्हणेल. दाखवा."

दाखवायचं म्हणजे ते वाक्य साहेबांसमोर भिंतीवर मोठं होऊन येणार. गुपित बदलायचं तर चिप पुन्हा भरायला अख्खा दिवस गेला असता, आणि कारखानेवाले पाचला निघणार होते. सही केली असती तर छोट्या गप्प बसला असता, हे तिला माहीत होतं. पेन हाताशी होतं. पण ती अकरा खिडक्यांची खोली उद्या हजारो लोकांच्या मशीनमध्ये जाणार होती, आणि कुठल्यातरी अनोळखी बाईच्या तपासणीचा कागद असाच कुणाच्या तरी भिंतीवर झळकला असता.

"माझ्या भावाला बोलवा," ती म्हणाली.

छोट्या लॅपटॉप घेऊन आला. त्यानं हळूच विचारलं, "नक्की?"

"चालव."

भिंतीवर आधी बराच कचरा उमटला आणि मग ते वाक्य, हातभर अक्षरांत. कारखान्याच्या एका माणसाला खोकला आला. साहेबांनी वाक्य वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"हे आत होतं?"

"हो सर. अकरा महिने."

"आणि मी ते कधीच वाचणार नाही अशी तुमची खात्री होती."

"पूर्ण खात्री होती."

साहेबांनी सहीचा कागद उलटा केला. "तारीख सोडून द्या," ते कारखानेवाल्यांना म्हणाले. "भोक आहे. मला कळलं." मग ताईकडे न बघता, "प्रमुखपदाचं मात्र आता विसरा."

मग ते छोट्याकडे वळले. "तुम्ही हे थेट माझ्याकडे का नाही आणलंत? ती खुर्ची तुम्हाला मिळाली असती."

"तुम्हाला कळलं नसतं, सर," छोट्या म्हणाला.

खुर्ची बाहेरच्या एका माणसाला मिळाली. ताईला वाईट वाटायचं ते वाटलंच, शुक्रवारचा दिवस तिनं घरी भांडी आपटण्यात घालवला. सोमवारी तिनं तीनशे पानांचा आराखडा, जो तिनं आजवर कुणाला तपासायला दिला नव्हता, छोट्याच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"जिथं जिथं चुकलेय तिथं खूण कर," ती म्हणाली.

छोट्यानं पहिलं पान उघडलं. "बस मग," तो म्हणाला, "वेळ लागेल."