आंबेवळणाची उलटी चढण

श्रीवर्धनाहून म्हसळ्याला जाणारी करमअलीची सर्विस मोटार आंबेवळणाच्या पायथ्याशी आली की थांबे, रस्त्यातच वळून श्रीवर्धनाकडे तोंड करी आणि पाठमोरी चढण चढू लागे. चौतीस सालापर्यंत हे इतके अंगवळणी पडले होते, की एखादा परगावचा उतारू घाबरून ओरडलाच तर बाकीचे त्याच्याकडेच चमत्कारिक नजरेने पाहत. जुनी गाडी विकताना मालकाने करमअलीला बजावले होते, "चढणीला उलटी घे. तोंड वर केलंस की दम टाकते." करमअलीने तो इंजिनाच्या म्हातारपणाचा दोष मानला आणि आपल्या घरातले वडीलधारे माणूस चारचौघांत खोकावे तशी त्याची लाज मनात बाळगली.

धर्मशास्त्रे रचणाऱ्यांनी मोटार पाहिली नव्हती; त्यामुळे तिच्यात कोणी कोठे बसावे याविषयी ते मौन बाळगून आहेत. ही उणीव श्रीवर्धनाने कोणाच्याही मदतीवाचून भरून काढली. चालकाशेजारी रावसाहेब खांबेटे, लोकल बोर्डाचे सभासद. मधल्या बाकावर सुपारीचे बागायतदार आणि व्यापारी. आणि गाडीच्या पाठीमागे, बाहेर ठोकलेल्या उघड्या फळीवर, धुरळ्याकडे तोंड करून उरलेला समाज: मासळीच्या टोपल्यांसकट सखुबाई कोळीण, आणि म्हसळ्याच्या मुलींच्या शाळेतल्या सत्यवतीबाई. सत्यवतीबाईंनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पहिला क्रमांक मिळवला होता आणि महारवाड्यात जन्म घेतला होता. यांपैकी पहिली गोष्ट गावाला आठवत नसे व दुसरी विसरता येत नसे. ती फळी करमअलीनेच ठोकली होती. मधल्या बाकाने तशी अट घातली, त्याने मान डोलावली. गावात धंदा करायचा होता. भाडे मात्र सर्वांना सारखे होते. समतेचे तत्त्व तेवढ्यापुरते कसोशीने पाळले जाई.

फक्त आंबेवळणावर सृष्टीचा क्रम उलटे. फळी पुढे होई आणि रावसाहेब शेवटी. मागचे काही दिसत नसल्याने करमअलीने फळीच्या डोळ्यांनी गाडी हाकायची, असा रिवाज पडला होता.

"डावीकडं, करमभाय, डावीकडं! दरी हाय!"

"चाचा, आता सरळ. समोर बैलगाडी आहे, थांबा."

सखुबाईचा आवाज बंदरावर कमावलेला आणि सत्यवतीबाईंचा वर्गात. त्या दोघींच्या हुकुमावर अख्खा प्रतिष्ठित समाज पाठमोरा डोंगर चढे, आणि रावसाहेब दूर जाणाऱ्या समुद्राकडे पाहत मिशी चावीत.

दिवाळी झाली आणि रावसाहेबांनी करमअलीला ओटीखाली बोलावून घेतले.

"हंगामाच्या अखेरीस कलेक्टरसाहेब येताहेत. बंदरावर उतरून तुझ्याच गाडीतून म्हसळ्याला चढून जाणार. पाठमोरे नेणार आहेस त्यांना? कोळणीच्या टोपलीमागून?"

"इंजिन जुनं झालंय, साहेब. खोलून रिंगा बदलतो, व्हॉल्व्ह घासतो—"

"ठिगळं नकोत. इंजिन उतरव, आगबोटीने मुंबईला पाठव, सिलिंडर कातून घे, नवे पिस्टन घाल. नव्यानं बांधून आण. सरळ चढली तर हा रस्ता तुझा. नाहीतर माझा भाचा नवी गाडी आणतोय. परवाना त्याला मिळेल."

करमअली घरी आला तो हे ओझे घेऊनच. तरुणपणी तो आगबोटीच्या इंजिनघरात तेलवाला होता. यंत्राची नाडी त्याला कळे. मांडवात चादर पसरून त्याने इंजिनाचे डोके उतरवले आणि दिवसभर एकेक भाग हाताळला. रिंगा झिजल्या होत्या, एक व्हॉल्व्ह जळाला होता. पण सिलिंडराच्या भिंतींवरून बोट फिरवले तर ओरखडा लागत नव्हता. दुरुस्तीने भागण्यासारखे होते. नव्याने बांधायचे तर सगळा हंगाम मुंबईच्या गोदीत जाणार आणि परत येईल ते इंजिन ओळखीचे असेल की नाही, अल्ला जाणे. पण दुरुस्तीने ते सरळ चढेल, असे छातीवर हात ठेवून त्याला सांगता येईना.

"अजी, सकाळपासून त्याच्या तोंडात काय बघताय?" हुस्नबानूने चहा पुढे ठेवला. "दात मोजताय का?"

"बांधून आणू म्हणतो. एकदा तरी सरळ चढू दे. लोक हसतात."

"कोण हसतं? मी तर कुणाला हसताना नाही बघितलं. रावसाहेब तर नाहीच."

तेवढ्यात उद्याची गाडी निघणार की नाही हे विचारायला सखुबाई आणि सत्यवतीबाई आल्या. चादरीवर मांडलेले इंजिन पाहून सखुबाईने गालाला हात लावला.

"अगो बाय! मेला की काय?"

"मेला नाही. जवान करून आणतो मुंबईहून. मग सरळ चढेल, तोंड वर करून."

सखुबाईचा आवाज एकदम खाली आला. हे इतके दुर्मीळ होते, की हुस्नबानूही आतून डोकावली.

"म्हंजी मग आमी चढनीवर बी मागंच?"

"सखुबाई, लवकर पोचाल—"

"लवकर पोचून काय कराचा हाय? मासली काय पलून जात न्हाय." ती टोपली टेकून बसली. "म्हसल्यापावतर धुरला खाताव आमी. तेवढ्या चढनीवर वारा लागतो तोंडाला. डावीकडं म्हनलं की गाडी डावीकडं जाते. माज्या घोवानं कंदी ऐकला न्हाय माजा. तुजी गाडी ऐकते."

सत्यवतीबाई हसल्या, पण त्यांचे हसणे लवकर आटोपले. "चाचा, माझ्या वर्गातल्या मुली चढणीच्या माथ्यावर उभ्या असतात, शाळेला जाताना. त्यांना बाई सर्वांत पुढे येताना दिसतात. त्यांना वाटतं, गाडी माझीच आहे. मी अजून खरं सांगितलेलं नाही."

करमअलीने पुसत असलेला पिस्टन खाली ठेवला. ज्या गोष्टीची तो इतकी वर्षे लाज बाळगत होता, ती या दोघींची चैन होती. आणि फळी कोणी ठोकली, हे दोघींपैकी एकीनेही काढले नाही. तेच त्याला जास्त लागले.

"बानू," तो म्हणाला, "रिंगांची पेटी काढ. दुरुस्तच करतो."

"आणि परवाना?"

"गेला तर गेला. सखुबाईच्या टोपल्या वाहीन."

"तुज्यानं उचलायच्या न्हाय रं," सखुबाई म्हणाली, आणि तिघीही इतक्या हसल्या की शेजारच्या आवारातली कोंबडी पळाली.

रिंगा बसल्या, व्हॉल्व्ह घासला गेला, इंजिन पूर्वीच्याच आवाजात, पण खोकल्यावाचून बोलू लागले. आणि त्याच आठवड्यात रावसाहेबांच्या भाच्याची गाडी बंदरावर उतरली: त्याच कारखान्याची, त्याच जातीची, पण काळीभोर, पितळेला सोन्याची झळाळी. कलेक्टरसाहेबांआधी तालीम म्हणून रावसाहेब तिच्या पुढच्या आसनावर बसून म्हसळ्याला लोकल बोर्डाच्या सभेला निघाले. मागून करमअलीची गाडी.

पायथ्याशी करमअली थांबला, वळला. भाचा थांबला नाही. नवी गाडी तोंड वर करून चढणीला भिडली, पहिले वळण डौलात पार करून दुसऱ्यावर अडखळली, शिंकली आणि अगदी उभ्या जागी मुकाट झाली. भाच्याने हँडल फिरवले. घाम आला, गाडी आली नाही.

करमअलीची गाडी फळी पुढे करून तिच्यापाशी येऊन थांबली. करमअलीला खरोखरच काही उमगेना. इंजिन कालचे, कारखान्यातून आलेले. त्याला कसले म्हातारपण?

फळीवरून उतरलेल्या सत्यवतीबाई नव्या गाडीच्या पुढच्या आसनाखाली वाकून पाहत होत्या.

"चाचा, पेट्रोलची टाकी इथेच ना, आसनाखाली? इंजिनात ते नेतं कोण?"

"कोण नेणार? आपोआप वाहतं. वाडीतल्या पाटासारखं."

"मग पाटाचं माडाकडचं टोक वर केलं तर पाणी माडाला मिळेल का?"

करमअलीने कपाळावर हात मारला आणि मोठ्याने हसू लागला. नाक वर गेले की इंजिन टाकीच्या वर चढते आणि उपाशी मरते. पाठ वर केली की टाकी वर राहते. म्हातारपणाचा यात काही संबंध नव्हता. मुंबईची सारी गोदी कातायला बसली असती तरी पाणी वर वाहिले नसते. इतकी वर्षे त्याने एका तरण्या गोष्टीची लाज धरली होती!

"वळवा, साहेब," तो भाच्याला म्हणाला. "उलटी घ्या."

"पण मागचं दिसणार कसं?"

सर्वांनी नव्या गाडीकडे पाहिले. तिला फळी नव्हती. भाच्याखेरीज तिच्यात माणूस एकच होते, आणि ते रावसाहेब होते.

त्यांनी म्हसळ्याच्या दिशेने पाहिले. सभा वाट पाहत होती. मग उपरणे सावरून ते मागच्या आसनावर गुडघे टेकून बसले, गाडीच्या पाठीकडे तोंड करून. भाच्याने गाडी उतारावर सोडून वळवली, सत्यवतीबाई फळीवर परतल्या, करमअलीची गाडी पुढे निघाली आणि तिच्यामागोमाग नवी हलली.

"डावीकडे," रावसाहेब पुटपुटले.

"मोठ्यानं बोला!" सखुबाई पुढच्या फळीवरून गरजली. "दरीला ऐकू जायला व्हवं!"

"डावीकडे!"

"हां! आता जमला!"

वारा रावसाहेबांच्या तोंडावर आला. पागोटे मागे सरकले. त्यांनी ते सावरले नाही. "उजवीकडे! अरे, उजवीकडे, गाढवा! सरळ! सरळ!" त्यांचा आवाज चढणीबरोबर चढत गेला, आणि माथ्यावर उभ्या असलेल्या मुलींनी आधी सत्यवतीबाईंना व नंतर, लोकल बोर्डाच्या इतिहासात प्रथमच, रावसाहेबांना तोंडभर हसताना पाहिले.

परवान्याचा विषय पुन्हा निघाला नाही; नव्या गाडीचा दोष काढल्यावाचून जुनीचा काढता येत नव्हता. दुसऱ्या सकाळी करमअली इंजिन सुरू करून बसला होता, तेव्हा रावसाहेब आले, पुढच्या आसनापाशी क्षणभर रेंगाळले आणि गाडीला वळसा घालून मागे गेले.

"जरा सरकता का?" त्यांनी विचारले.

सखुबाईने टोपली आणखी ऐसपैस मांडली. सत्यवतीबाई पुस्तकात पाहत होत्या. पण ओठ आवळावे लागत होते.

"जागा न्हाय, रावसायब," सखुबाई म्हणाली. "पुढं बसा."