कानसेन

निवृत्त झाल्यावर काही माणसांना शिंगं फुटतात. ह्या गृहस्थांना कान उगवले. जन्मभर विमा कचेरीतली खुर्ची झिजवली आणि घरी बसून तीन महिने होत नाहीत तोच समाजसेवेची उबळ आली. वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक केंद्र निघालं होतं, एकट्यादुकट्या, त्रासलेल्या माणसांचं फोनवर ऐकून घेण्यासाठी. तिथे रोज संध्याकाळी बसून हे लोकांचं ऐकणार. फुकट. हे, ज्यांना 'दूध उतू जातंय' असं बायकोने तीनदा सांगावं आणि चौथ्यांदा स्वतःच उठावं! शेजाऱ्यांनी कौतुकाने नाव ठेवलं, कानसेन. बायकोच्या कानावर ते आलं तेव्हा ती भाजी चिरत होती. इतकी हसली की सुरी खाली ठेवावी लागली.

केंद्राने त्यांना रीतसर शिकवलं. मध्ये बोलायचं नाही. 'हं, मग?' म्हणायचं. सल्ला द्यायचा नाही. फोन करणाऱ्याचं नाव कधीही विचारायचं नाही. ही सगळी विद्या कानसेनांनी घरी येऊन बायकोला तासभर ऐकवली. ती मध्ये काही बोलायला गेली, तर म्हणाले, "थांब गं, माझं पूर्ण होऊ दे."

आणि नेमकं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं, गर्भपिशवीत गाठ आहे, पिशवी काढावी लागेल. गाठ साधी की वाईट ते नंतर कळेल. येताना घरचं माणूस आणा.

ती घरच्या माणसाला सांगायला गेली. पहिल्या दिवशी घरचं माणूस चपला घालून दारात उभं होतं, केंद्राला उशीर होत होता. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मी दवाखान्यात गेले होते." तर हे म्हणतात, "दवाखान्यावरून आठवलं," आणि कुणा परक्या म्हाताऱ्याच्या गुडघ्यांचं पुराण सुरू झालं. तिसऱ्या दिवशीही तेच, पालथ्या घड्यावर पाणी. घरात बायको भीतीने अर्धी झालेली आणि गडी निघाला लष्कराच्या भाकऱ्या भाजायला. डोंबलाची सेवा.

मग एका संध्याकाळी ते गेल्यावर तिने घरूनच केंद्राला फोन लावला. इथे ऐकत नाही ना, तिथे तर ऐकावंच लागेल. आवाज बदलला नाही, काही नाही. सोंगं करायचा तिचा स्वभावच नव्हता.

"नमस्कार. बोला, मी ऐकतोय."

आवाज ह्यांचाच, पण कसा मऊसूत. इतकी वर्षं हा आवाज फक्त कचेरीतल्या मोठ्या साहेबांच्या वाट्याला यायचा.

"अहो, मी बोलतेय," ती म्हणाली.

"बोला ना ताई. नाव सांगायची काही गरज नाही."

ताई. आत्ता ओळखतील, पुढच्या वाक्याला ओळखतील, असं म्हणत तिने गाठीचं सांगितलं. "हं, मग?" रात्र रात्र डोळा लागत नाही, ते सांगितलं. "हं." नवऱ्याला सांगायला जाते आणि तो ऐकतच नाही, तेही सांगितलं. सांगता सांगता तिला रडू फुटलं, कारण मेला ऐकत फार छान होता. अख्ख्या संसारात एवढं सलग ती त्यांच्याशी कधी बोललीच नव्हती. मग तिचा आवाज त्या कानांना माहीत असणार कुठून?

"काय करू?" तिने शेवटी विचारलं. "पुन्हा एकदा सांगून बघू का त्यांना?"

नियम होता सल्ला न देण्याचा. पण कानसेनांना राहवेना. "ताई, स्पष्ट बोलतो. असल्या माणसापुढे डोकं आपटून काही उपयोग नाही. बहीण आहे का तुम्हाला? तिला घेऊन जा."

"आहे," ती म्हणाली. "बरं."

कानसेन घरी आले ते छाती फुगवूनच. ताट वाढून व्हायच्या आत सुरुवात. "आज एका बाईचा फोन होता. ऑपरेशन आहे बिचारीचं आणि नवरा ढुंकून बघत नाही. काय एकेक दगड असतात जगात! मी सांगितलं, सोडा त्याला, बहिणीला न्या."

"ओळखीची वाटली का बाई?"

"छे, असेल कुठली तरी. वाढ ना, आमटी गार होतेय."

तिने वाढलं. त्यांना टीव्हीवर बातम्या लावून दिल्या. मग त्याच खोलीत, त्यांच्यापासून दोन हातांवर बसून तिने धाकट्या बहिणीला फोन लावला. गाठ, पिशवी, दवाखाना, मंगळवारची सकाळ, काही न गाळता सावकाश सांगितलं. कुजबुजली नाही, नेहमीच्या आवाजात बोलली.

"अगं, आणि भावजी?" बहिणीने विचारलं.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. कानसेनांनी घास गिळला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. "जरा हळू बोल ना," ते म्हणाले. "काही ऐकू येत नाहीये."

"त्यांना नको," ती बहिणीला म्हणाली. "तू ये. मला फार भीती वाटतेय."