जावेची बुरशी

ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून, खडकावरून ते समुद्री शैवाल खरवडून आणलं मी. आणि भिंगाला आधी डोळा लावला माझ्या धाकट्या जावेने. आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत आहोत. तिची नोकरीही मीच लावून दिली. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

शैवालाच्या पात्यांवर काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शैवालं राहतात. नुसत्या डोळ्यांना तो मळच वाटतो, आणि मी तो इमानेइतबारे धुऊन टाकत असे. जावेने ते धुवणच तपासलं. त्या इवल्या जिवांना आतून खाणारी एक बुरशी तिला सापडली. ही अजून कुणी पाहिलेलीच नाही, असं आमचे सर म्हणाले. घरी सासूबाई शेजारणीला "आमची धाकटी" असं इतक्या लाडाने सांगत होत्या की मी भरल्या पानावरून उठले.

बुरशी म्हणजे निव्वळ बांडगूळ. दर दोन-तीन दिवसांनी ताजी, जिवंत शैवालं घातली नाहीत, तर आहेत ती फस्त करते आणि मग स्वतःही उपाशी मरते. जावेने ती एका बशीत वाढवली होती. लेखाचं काम अजून अर्धवट होतं. बशी गेली की शोध गेला.

तेवढ्यात तिच्या लेकीला कांजिण्या आल्या. रजेवर जाताना तिने ड्रॉपर आणि बुरशीची बशी माझ्या हाती दिली.

"ताई, हिला खाऊ घालाल ना?"

मी हो म्हटलं. वाईट काही करायचीही गरज नव्हती. हातावर हात ठेवून बसणं पुरेसं होतं. पहिल्याच खेपेला मी ड्रॉपर न भरताच ठेवला आणि चहाला गेले. परत येऊन पाहिलं तर बशीत बहुतेक रिकामी कवचं, दोन-चार शैवालं तेवढी जिवंत. मग डोळ्यांसमोर आलं: सगळं घर तिच्याभोवती गोळा झालंय, सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवताहेत, बिचारी बिचारी म्हणताहेत. तिचं कौतुक एकवेळ गिळलं असतं, पण हे लाड मला बघवले नसते. मी उठले आणि खाऊ घातला. पुढेही घालत राहिले, दातओठ खात.

जाऊ परत आली ती माझ्याकडे न बघता थेट सरांच्या कपाटाकडे गेली. तिथून तिने दुसरी बशी काढली. म्हणजे बाईसाहेबांनी जाताना जोडीची बशी सरांकडे ठेवली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सर खाऊ घालायला विसरले होते. त्या बशीत नुसती कवचं उरली होती. जावेने ती उजेडात धरून दोनदा पाहिली. मी माझ्याकडची बशी तिच्या भिंगाखाली सरकवली. तिने डोळा लावला. बुरशी जिवंत होती.

"ताई, मला वाटलं होतं, तुम्ही..."

"बरोबरच वाटलं होतं तुला," मी म्हणाले.

ड्रॉपर मात्र मी तिला दिला नाही. त्या दिवशीचा खाऊही मीच घातला.